तुमच्या हातची जखम

तिचं नाव मी विचारलं नाही. अकोल्यातल्या एका खासगी दवाखान्यात बायकोच्या ड्रेसिंगसाठी आम्ही बसलो होतो, तिथे ती भेटली. पन्नाशीची, अंजनगावकडची, पोटावर पदर घट्ट दाबून बसलेली. दुर्बिणीनं पित्ताशय काढल्यापासून बेंबीजवळची तिची जखम वाहतच होती. माझ्या बायकोचंही तेच. "स्वच्छता पाळा," एवढंच डॉक्टर सांगायचे. बायको दिवसातून दोनदा आंघोळ करायची आणि वर स्वतःलाच दोष द्यायची.

ती बाई तपासून घेऊन बाहेर आली ती रागातच. दारातच मागे वळून म्हणाली, "डाक्टर, कपाशी निंदतानी माह्या हाताले इळा लागते, ते जखम मातीतबी भरते. तुमच्या हातची काहून भरत नाही? अन् घाण मी?"

"हळू बोला," आतून डॉक्टर म्हणाले.

तिनं आवाज आणखी चढवला आणि आम्हा सगळ्यांना विचारलं, "दुर्बिनीच्या आपरेशनानंतर इथं कोनाकोनाले पू येऊन रायला? हात वर करा."

आधी एका म्हातारीनं हात उचलला, मग एका तरुण पोरीनं. म्हणजे या सगळ्या जणी अस्वच्छ होत्या तर! माझं डोकं तापलं. शेजारी पाहिलं, तर बायको हात वर करून उभी राहिली होती.

"चाला," ती बाई म्हणाली, "आपरेशनाची औजारं कशानं धुतात, ते इचारू."

डॉक्टर दार लावायला उठले. पण उंबऱ्यावर तिनं पाय रोवला होता.