वायरलेसवाले मामा

आमच्या शेजारच्या मामांना 'समजलं' हा शब्द कधीच समजला नाही. शिवडीच्या बंदरात उभी हयात वायरलेसवर बोटींशी बोलण्यात गेली. निवृत्त झाल्यावर कानावरचे हेडफोन उतरले, भाषा मात्र राहिली. ऐकणाऱ्याने निरोप जसाच्या तसा परत म्हणून दाखवला तरच तो पोचला, असा तिथला नियम. मामांनी तो नायगावच्या चाळीत आणला. "कोथिंबीर, दोन लिंबं, ओव्हर," असं म्हणून ते थांबायचे. आपण नुसती मान डोलावली की, "रिपीट कर!" लिंबांसकट सगळं म्हणून दाखवल्याशिवाय जिना उतरायची सोय नव्हती.

थट्टा करता करता अख्ख्या मजल्याला ही भाषा लागली. नळाला पाणी आलं का, या प्रश्नाला बायका "निगेटिव्ह" म्हणू लागल्या. पोरांनी अभ्यास कायमचा "स्टँडबाय"वर ठेवला. मामींची सोलकढी जमली की मामा "लाउड अँड क्लिअर" म्हणत, आणि मीठ कमी पडलं तर "सिग्नल वीक." माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीच्या वडिलांनी "तारीख पसंत आहे ना?" असं विचारलं आणि मी सवयीने "रॉजर", म्हणजे 'निरोप पोचला', म्हणून मोकळा झालो. सासरेबुवांना वाटलं, रॉजर नावाच्या कुणाला तरी विचारून सांगणार असेन. त्यांनी दोन दिवस वाट पाहिली.

पुढे चाळ पाडली आणि आम्ही टॉवरमध्ये आलो. तिथेही मामा भिंतीपलीकडेच. गेल्या वर्षी एका सकाळी मामी बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या. त्यांच्या हाका मला माझ्या घरात ऐकू आल्या. धावत गेलो तर मामा दहा पावलांवर खुर्चीत बसून निवांत पेपर वाचत होते. मामींना उचलून पलंगावर आणलं. घोटा मुरगळला होता, तेवढ्यावरच निभावलं. मामा मात्र पांढरेफटक पडले होते.

"मला ऐकूच आलं नाही रे," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली, नीट ऐकू येत नाही. सांगायची लाज वाटायची. वायरलेसवाल्याचे कान गेले म्हणजे राहिलं काय?"

मला एकदम उमगलं. ते "रिपीट कर" म्हणायचे, आम्ही हसत हसत मोठ्याने परत सांगायचो, आणि त्यावर त्यांचं भागत होतं. इतकी वर्षं त्यांची भाषा बोलून मला हे कळू नये, याचं फार वाईट वाटलं.

मामी घोट्यावर बर्फ धरून म्हणाल्या, "माका कधीपासून ठावक आसा. म्हणान तर तुमच्या समोर येवन बोलतंय."

त्याच आठवड्यात मामांच्या कानाला मशीन बसलं. चौकशीला गेलो तर ते स्वयंपाकघराच्या दारात उभे. मी तोंड उघडणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आत मामी पाठमोऱ्या बसून मेथी निवडत होत्या आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होत्या.

"ही गुणगुणते, हे मला माहीतच नव्हतं," मामा कुजबुजले. "कान धड होते तेव्हा दिवसभर बोटी ऐकायचो. घरी आलो की मीच बोलायचो. तिला सांगू नको हं, लाजेल आणि बंद करेल."

मेथीची जुडी संपेपर्यंत आम्ही दोघं दारातच उभे राहिलो.