मामाला पाठवलेली चित्रं

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण पिठाच्या गिरणीवर मुलीला इंजिनियर केलं आणि कंपनीने तिला टोकियोला पाठवलं, तेव्हा मला कोणी शहाणपण शिकवू नये. टोकियोतल्या निशी-कसाई भागात तिच्या घरी मी गेलो तो एका कामासाठी. पुण्याचं स्थळ आलं होतं. मुलगा कॉम्प्युटरवाला. त्यांना तिचे नवे फोटो हवे होते: साडीतला, ड्रेसमधला आणि एक पूर्ण उभा. पोरगी काही ऐकेना. शेवटी म्हणाली, "रविवारी माझ्याबरोबर चित्रं बघायला चला, मग स्टुडिओत येते."

गेलो. संग्रहालयाबाहेर ही मोठी रांग! आपल्याकडे रेशनला लागते तशी, फक्त कोणी भांडत नव्हतं. सुटीच्या दिवशी तिकीट काढून परक्या राजांची तोंडं बघायला उभी होती माणसं. दुसरा धंदा नाही.

आत एका भिंतीवर स्पेनची राजकन्या. एका चित्रात अगदी लहान, मग जरा मोठी, मग निळ्या झग्यातली. झगा इतका रुंद की पोर दारातून तिरकी होऊन जात असेल. चेहरा मैद्यासारखा, हसू नाही. त्या वयात पोरीचे गुडघे फुटलेले असायला हवेत. ही आपली उभी, बाजारात मांडल्यासारखी.

"एकाच पोरीची एवढी चित्रं कशाला?"

मुलीने पाटी वाचली. जपानी तिला फडाफडा येतं. "होणाऱ्या नवऱ्याकडे पाठवायला, अण्णा. लांब व्हिएन्नाला, तिथल्या बादशहाकडे. मुलगी कशी वाढतेय ते त्याला दिसावं म्हणून."

"तो तिचा कोण?"

"मामा. आईचा सख्खा भाऊ."

"मामा?" मी ओरडलोच. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या बाईने ओठांवर बोट ठेवलं. ठेवू दे. "आमच्यात मामाची पोर करतात, ते निराळं. पण खुद्द मामा? मंगलाष्टकांना मामा पोरीच्या पाठीशी उभा राहतो, अंतरपाटाच्या पलीकडे नाही! राजे म्हणे!"

"लग्नानंतरही ती त्याला मामाच म्हणायची. बाळंतपणांनी खंगली, एकविशीत गेली."

असले राजे आमच्या गावात असते तर गिरणीत दळण घेतलं नसतं मी त्यांचं.

"आणि त्याची चित्रं कुठायत? त्याने हिला पाठवली की नाही?"

"इथे तरी नाहीत."

"म्हणजे त्याने बघायचं आणि हिने नुसतं उभं राहायचं."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी तिकडे लक्ष दिलं नाही. लगेच मान तुकवणाऱ्यातला मी नव्हे.

स्टेशनबाहेर स्टुडिओ दिसला. "यायचं ना, अण्णा? बोललेय मी," ती म्हणाली. मी म्हटलं, "आधी घरी चल. फोन लावून दे."

पुण्याच्या पाहुण्यांनी उचलताच विचारलं, "फोटो निघाले का?"

"आधी मुलाचे पाठवा," मी म्हटलं. "एक धोतरातला, एक शर्ट-पँटमधला. आणि एक पूर्ण उभा, बाजूने, पोट दिसेल असा."

तिकडे खाकरल्याचा आवाज. मग म्हणाले, "मुलाचे असले फोटो मागायची रीत नाही आपल्यात."

"मग मुलीचे पाठवायची आमच्यात नाही."

त्यांनी फोन आपटला. स्थळ गेलं. स्वयंपाकघरात पोरगी कांदा चिरता चिरता हसत होती की रडत होती, देव जाणे.

"अण्णा, आता हे आईला कोण सांगणार?"

"तू सांग," मी म्हटलं. "लग्न तुझं आहे."