वहिनींवर लिहिलेला लेख

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी, दुपारी बाराच्या सुमारास, उल्हासनगरला कोर्टात मी शपथ घेऊन खोटं बोललो. प्रश्न एका वहीबद्दल होता. उत्तर एका ओळीचं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही – बायकोला नाही, दादाला नाही, आणि ज्यांच्याविरुद्ध बोललो त्या वहिनींना तर नाहीच.

मी बावीस वर्षं बातमीदार आहे. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर. पालिका, पोलीस, कोर्ट. पोटगीच्या निकालांच्या बातम्या मी किती दिल्या याची मोजदाद नाही. चार ओळींची बातमी असते: कोणी मागितली, किती मंजूर झाली. ती रक्कम ठरते कशी, हे मात्र मी कधी बसून पाहिलं नव्हतं. पाहिलं ते त्या मंगळवारी, साक्षीला गेलो तेव्हा.

पण आधी लेखाचं सांगायला हवं. ते टाळूनच मी इतकी वर्षं काढली.

लेख लिहिला तेव्हा दादा आणि वहिनी अंबरनाथला एकत्र राहत होते. दादा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर. वहिनी घरी लहान मुलांच्या जीन्सचे खिसे शिवायच्या. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातला एक सिंधी शेठ कापलेल्या मालाचे गठ्ठे टेम्पोने पाठवायचा आणि शिवलेले खिसे घेऊन जायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी मोटरची एक मशीन. महिला दिनाच्या पुरवणीसाठी मला लेख हवा होता. मी वहिनींसमोर बसलो, प्रश्न विचारले, उत्तरं वहीत लिहून घेतली.

पुरवणी बघणाऱ्या सहकाऱ्याने मजकूर वाचला आणि म्हणाला, “एक मशीन? यात काय आहे रे? माझी मावशीपण शिवते. दहा बायकांना काम देते असं काही आहे का बघ.”

मी बघितलं नाही. लिहिलं. वरचा मथळाही माझाच – ‘दहा जणींच्या हाताला काम’. पुरवणीचं काम असंच चालतं, आकडा असला की फोटो मोठा लागतो. त्या लेखाला पत्रकारांच्या एका संघटनेचा पुरस्कार मिळाला. वहिनी लेख वाचून हसल्या. म्हणाल्या, “भाऊजी, या दहा जणी मलापण भेटवा हो. एकीला तरी भांड्यांना लावते.” दादाने लेख लॅमिनेट करून हॉलमध्ये लावला.

चार वर्षांनी ते दोघं वेगळे झाले. कारणं त्यांची आहेत, ती मी इथे मांडणार नाही. वहिनी मुलीला, मैत्रीला घेऊन बदलापूरला शिरगावात भाड्याने राहायला गेल्या. मशीन सोबत नेली. लेख भिंतीवरच राहिला. दादाने घरखर्च देणं थांबवलं आणि वहिनींनी पोटगीचा अर्ज केला.

दादाच्या वकिलांकडे मी त्याच्याबरोबर गेलो होतो. दादाने पिशवीतून लेख काढला. वकिलांनी चष्मा वर केला. “अहो, हा कागद आधी का नाही दाखवलात? बाई दहा जणींना पगार देतात, त्यांना कसली पोटगी? आणि छापलेलं आहे!” मग माझ्याकडे वळून, “लिहिणारे घरचेच. वा.” दादा मला म्हणाला, “नाव तुझंच आहे वर. आता मागे फिरू नकोस.”

त्या खोलीत मी एक वाक्य बोलायला हवं होतं. बोललो का? नाही. चहा आला, तो प्यायलो.

अशा अर्जात पहिला आदेश अंतरिम पोटगीचा असतो. तो साक्षीपुराव्याच्या आधी, दोन्ही बाजूंची प्रतिज्ञापत्रं आणि जोडलेले कागद पाहून होतो. आमच्या बाजूने जोडलेल्या कागदांत माझा लेख होता. मुलीपुरती रक्कम मंजूर झाली. वहिनींसाठी – त्यांचं स्वतःचं उत्पन्न दिसतं, पुराव्यानंतर पाहू. तेवढ्या पैशांत शिरगावचं भाडं निघेना. दोन महिन्यांत वहिनी सोनिवलीला बहिणीकडे राहायला गेल्या आणि मैत्रीची शाळा बदलली. ती तेव्हा सहावीत होती. हे मला दादाने सांगितलं नाही. मैत्रीनेच फोन करून सांगितलं – “काका, आता मी दुसऱ्या शाळेत आहे. इथे माझ्या ओळखीचं कोणीच नाही.”

पुरावा सुरू व्हायला चौदा महिने लागले. वहिनींची साक्ष झाली, दादाची झाली. मग माझी.

कोर्टाच्या व्हरांड्यात वहिनी भेटल्या. मला वाटलं, तोंड फिरवतील. त्या म्हणाल्या, “जय भीम, भाऊजी. जेवून आलात ना? इथे दोन-दोन वाजतात.”

पिंजऱ्यात दादाच्या वकिलांनी विचारलं, लेख तुमचा? हो. मजकूर खरा? माहिती घेऊन लिहिला. नंतर वहिनींच्या वकील उलटतपासणीला उभ्या राहिल्या. तरुण मुलगी, आवाज बारीक.

“दहा जणींपैकी एकीचं नाव सांगा.”

“आठवत नाही.”

नाव नसलेली बातमी आणणाऱ्या पोरांना मी ऑफिसात चारचौघांत झापतो.

“माहिती लिहून घेतली असेल ना? ती वही कुठे आहे?”

“छापून आलं की आम्ही वह्या ठेवत नाही.”

हेच ते वाक्य. मी माझ्या सगळ्या वह्या ठेवतो, वर्षवार, कपाटात. आणि ती वही तर त्या दिवशी कपाटातही नव्हती. सकाळी एकदा वाचून बघावी म्हणून काढली, ती माझ्या पिशवीत होती. पिशवी दादाच्या मांडीवर होती. दादा माझ्यापासून बारा-पंधरा फुटांवर बसला होता.

यानंतर जे झालं ते मी अजून मनात उलगडून पाहतो. मला उतरायला सांगून न्यायाधीश मॅडमनी वहिनींना पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं. कोर्टाला तसा अधिकार असतो, हे एकोणीस वर्षं कोर्टाच्या बातम्या देणाऱ्या मला त्या दिवशी कळलं. मॅडम पन्नाशीच्या, सर्दीने आवाज बसलेला. लेखाकडे त्यांनी पाहिलंही नाही. फाईल उघडून त्यांनी वहिनींनी जोडलेलं लाईट बिल काढलं.

“मशीन मोटरची ना? दिवसाला किती तास चालते?”

“मुलगी शाळेत असते तेवढे, मॅडम. चार-साडेचार.”

“मुलगी आजारी पडली तर मशीनवर कोण बसतं?”

“कोणी नाही. मशीन बंद.”

“माल वेळेत गेला नाही तर?”

“शेठ दुसऱ्या बाईला देतो. मग आठवडाभर मी रिकामी.”

प्रत्येक उत्तर टाईप होईपर्यंत मॅडम थांबत होत्या. दादाच्या पगाराची स्लिप त्यांनी अशीच वाचली – ओव्हरटाईम, अर्ज दाखल झाल्यावर घेतलेलं कर्ज, त्याचा हप्ता. दोघं एकत्र असताना घरात काय होतं, मुलीला कोणती शिकवणी होती, फ्रीज कधी घेतला. मी उभ्या जागी थक्क होऊन ऐकत होतो. एका माणसाचं जगणं इतक्या साध्या प्रश्नांनी मोजता येतं? आवाज न चढवता, कुणाला खोटं न म्हणता? मी पुरस्कार घेतला होता तो लेख एका लाईट बिलापुढे उभा राहू शकला नाही.

मग मॅडमनी वहिनींना विचारलं, “यांना तुम्ही दहा बायका सांगितल्या होत्या का?”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. ‘भाऊजींनी मनाचं लिहिलं’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. त्या म्हणाल्या, “नाही मॅडम. मी एकच मशीन सांगितली होती. त्यांनी कौतुकाने वाढवून लिहिलं असेल. तेव्हा मला बरं वाटलं होतं.”

तसंच्या तसं टाईप झालं. खरं सांगूनही त्यांनी मला वाचवलं – अशी साक्ष मी त्याआधी ऐकली नव्हती, नंतरही नाही.

महिन्याभराने आदेश झाला. बाई थोडंफार कमावते म्हणून ती स्वतःचं भागवू शकते असं होत नाही. लग्नात ज्या राहणीत होती त्याच्या जवळपास तिला आणि मुलीला राहता आलं पाहिजे. पती ते देऊ शकतो. पोटगी दोघींना, अर्जाच्या तारखेपासून. माझ्याबद्दल एक ओळ – लेखातील मजकूर सिद्ध झालेला नाही.

घरात सगळे समजतात, त्या लेखाबद्दल मी भावासाठी खोटं बोललो; वहीचं कुणालाच माहीत नाही. बायको म्हणाली, “रक्ताचं नातं, काय करणार.”  तो समजही मी तसाच राहू दिला. वहीबद्दल उत्तर देताना माझ्या मनात दादा नव्हता. पुरस्कार होता. ऑफिसातल्या पोरांना काय वाटेल, ते होतं. वही मी वकिलांच्या खोलीत काढली असती तर मैत्री शिरगावच्या शाळेतच राहिली असती. थकलेली पोटगी वहिनींना मागाहून मिळाली. मैत्रीची शाळा कुठल्याही आदेशात नव्हती.

मैत्री आता दहावीला आहे, सोनिवलीहूनच जाते. पुरस्काराचं स्मृतिचिन्ह माझ्या टेबलावर आहे. त्या लेखाचा खुलासा आमच्या पेपरात छापून आलेला नाही. वही कपाटात, तिच्या वर्षाच्या जागी आहे. त्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलं आहे: मशीन एक. मदतीला कोणी नाही.