बेड नंबर एकचं बीपी

चहा उकळतोय तोवर ऐका. बावीस वर्षं सिस्टर आहे मी. इतक्या माणसांचं बीपी घेतलंय की बदलापुरातल्या निम्म्या लोकांना मी चेहऱ्याने नाही, दंडाने ओळखते! एवढ्या वर्षांत आकडा इकडचा तिकडे झाला तो फक्त एकदा. आणि आता काय सांगू तुम्हाला, तोही नेमका मी भांडायला निघाले त्या दिवशी!

मी राहते बदलापूरच्या बेलवलीत, नोकरी अंबरनाथच्या एका खासगी हॉस्पिटलात. आमच्या मजल्यावर तीन वॉर्ड, नव्वद पेशंट आणि एका शिफ्टला सिस्टर किती? सहा. त्यातली एक आजारी पडली की उरलेल्या पाच जणींनी तिच्या वाटचंही पळायचं.

तर आमच्या ॲडमिन साहेबांनी स्टाफसाठी तणावमुक्तीचं शिबिर ठेवलं. कधी? आमच्या सुट्टीच्या दिवशी! एक बाई आल्या, म्हणाल्या, डोळे मिटा आणि समुद्रकिनारा आठवा. मी मिटले. मला तिथेही पेशंटची बेल ऐकू आली.

मी सरळ उठून उभी राहिले. "सर, समुद्र नको. प्रत्येक वॉर्डला एक सिस्टर वाढवून द्या."

साहेब उल्हासनगरचे, बोलायला एकदम गोड. "अरे दीदी, टेन्शन तो सबको है. आपको ज्यादा है तो लिखके दो ना."

"देते! आकड्यांसकट लिहून देते!"

गुरुवारी दुपारी शिफ्ट संपताना आम्ही सहा जणींनी एकमेकींचं बीपी घेतलं. सहाच्या सहा चढलेली! सगळ्यात वर माझं, एकशे साठ बाय शंभर. दुसरं कोणी घाबरलं असतं. मी आमच्यातल्या अर्चनाला टाळी दिली. म्हटलं, आता बघूच साहेब काय बोलतात.

आता आमची एक सवय. कागद शोधायला वेळ नसतो, म्हणून चिकटपट्टीच्या तुकड्यावर आकडे लिहायचे आणि तुकडा बाहीला लावायचा. त्या दिवशी डाव्या बाहीवर माझ्या वॉर्डातल्या एक ते सहा नंबर बेडचं बीपी, उजव्या बाहीवर आम्हा सहा जणींचं. हात धुवायला जाताना मी दोन्ही तुकडे काढून टेबलावर चिकटवले. तेवढ्यात एकाचं सलाइन संपलं. दुसऱ्याचा मेहुणा पार्किंग मिळालं नाही म्हणून माझ्यावर ओरडायला लागला. मी काय गाड्या लावते? परत आले आणि झरझर उतरवलं, एक तुकडा पेशंटांच्या चार्टवर, दुसरा साहेबांच्या अर्जात. कुठला कुठे गेला ते तुम्ही ओळखलंच असेल. मी नाही ओळखलं.

शुक्रवारी सकाळी वॉर्डात पाऊल टाकलं तर बेड नंबर एकवरचे काका गरजत होते. जांभूळ गावचे काका, पाय प्लास्टरमध्ये, बाकी ठणठणीत.

"बाय, या डालीन मीठ नाय! मना बीपी हाय, असा कुनी सांगला?"

"काका, डॉक्टर मॅडमनी रात्री लिहून दिलंय. बिनमिठाचं जेवण, पूर्ण आराम, बोलणं कमी. गप्प खायचं!"

असा दम दिला बिचाऱ्याला! दोन ते सहा नंबरवालेही वाटीकडे बघत बसलेले. मी ताठ मानेने साहेबांच्या केबिनकडे निघाले, मागे पाच जणी.

साहेबांनी अर्ज वाचला. परत वाचला. मग हसले.

"वा दीदी! एकशे अठरा बाय शहात्तर! एकशे वीस बाय ऐंशी! पूरे हॉस्पिटल में सबसे फिट तो आप लोग हो. एक वॉर्ड और दे दूं क्या?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. अर्चना माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी साहेबांना फितूर झालेय. पण मी काय गप्प बसणार?

"सर, मशीन बिघडलं असेल!"

"तो उसकी कम्प्लेंट भी लिखके दो."

साहेबांचं हे बोलणं ऐकतच डॉक्टर मॅडम चार्ट घेऊन आत आल्या. "सिस्टर, काल एक ते सहाचं बीपी एवढं वाढलेलं, आज मी स्वतः घेतलं तर सगळं नॉर्मल! नशीब, गोळ्या सुरू केल्या नाहीत. काल कोणाचं लिहिलंत?"

मी चार्ट बघितला. बेड नंबर एक, एकशे साठ बाय शंभर. हा आकडा मी कुठेही ओळखला असता, माझाच होता ना!

लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माघार? नाही. "मॅडम, चूक माझी. तुकडे उलटे झाले. हे आमचं बीपी आहे."

मॅडम मला खूप बोलल्या. बोलायलाच हवं होतं. मग साहेबांकडे वळल्या. "मला वाटलं पेशंट आहेत, म्हणून आराम लिहून दिला. आता कळलं, पेशंटना सांभाळायला ठेवलंय ते यांनाच." आणि पेन काढून चार्टमधल्या बिनमिठाच्या जेवणाच्या नि आरामाच्या कागदावर बेड नंबरांच्या जागी आमची सहा जणींची नावं लिहिली, खाली सही ठोकली. "घ्या. तुम्हाला लेखी हवं होतं ना?"

साहेबांचं हसू मावळलं. पुढच्या महिन्यात प्रत्येक वॉर्डला एक सिस्टर वाढली. दिली नसती तर रोज केबिनबाहेर बसले असते, खरं सांगते.

पण मॅडमचा तो कागद कँटीनमध्ये पोचला. बाकी पाच जणींनी बीपी पुन्हा तपासून आपली नावं काढून घेतली. मला वेळच नाही! तेव्हापासून कँटीनच्या मावशी मला बिनमिठाची डाळ वाढतात.

"मावशी, चिमूटभर तरी टाका हो."

"डॉक्टरांची सही हाय, सिस्टर. मीठ पायजे तर लिहून आणा."

नव्वद पेशंटांसाठी मी साहेबांशी भांडले. मावशींशी भांडायची माझी हिंमत नाही.