फाटकावरचा फौजदार

पाणीपुरवठा कार्यालयाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला सगळे फौजदार म्हणत. पोलिसात तो एक दिवसही नव्हता. पण मिशा तशा होत्या आणि मिशांना शोभेल असा आवाजही.

एकदा नळ कोरडा पडलेल्या एका माणसाने मोठ्या साहेबांवर चप्पल भिरकावली. ती साहेबांना लागली नाही, त्यांच्या अब्रूला लागली. लगेच हुकूम निघाला : आवारात कोणतेही शस्त्र वा अस्त्र आणू नये.

फौजदाराने हेडक्लार्कना गाठलं. "शस्त्र आणि अस्त्र यांत फरक काय हो, भाऊसाहेब?"

"हातात धरून मारतात ते शस्त्र, फेकून मारतात ते अस्त्र," हेडक्लार्क फायलीतून मान वर न काढता म्हणाले.

"आणि चप्पल?"

"पायात असेल तर चप्पल. हातात घेतली की शस्त्र, सोडली की अस्त्र. जा आता, डोकं खाऊ नकोस."

फौजदाराच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या हिशेबाने जगात निरुपद्रवी असं काही उरतच नव्हतं. छत्री शस्त्र. जेवणाचा डबा अस्त्र. भरलेला असेल तर जरा जास्तच. किल्ल्यांचा जुडगा दोन्ही. एका गृहस्थांचा कमरेचा पट्टाही त्याने काढून घेतला. ते एका हातात अर्ज आणि दुसऱ्या हातात विजार सावरत साहेबांपुढे उभे राहिले. अशा अवस्थेत तावातावाने भांडणार तरी कसं? हळूहळू तक्रार घेऊन कुणी फिरकेनासं झालं. गावातली पाण्याची अडचण दूर झाल्याचं साहेबांनी वर कळवलं आणि फौजदाराच्या गळ्यात हार पडला.

मग एके दिवशी त्याची थोरली बहीण काठी टेकत आली. तिच्या गल्लीत पाण्याचा थेंब नव्हता.

"अक्का, काठी इथे ठेव."

"आणि चालू कशी? तुझ्या मिशा धरून?"

"नियम म्हणजे नियम."

"बरं, मग खांदा दे."

फाटक सोडून तो तिला जिना चढवून साहेबांच्या खोलीत घेऊन गेला. साहेबांनी अर्ज न वाचताच बाजूला सारला. "उद्या या." अक्का हलेना. तसा साहेबांनी टेबलावरचा काचेचा जड पेपरवेट उचलून दाणकन आपटला. "ऐकू येत नाही का, म्हातारे?"

अक्काची बोटं फौजदाराच्या खांद्यात रुतली.

"साहेब, ते इकडे द्या," तो म्हणाला.

"काय?"

"हातात आहे तोवर शस्त्र. सुटलं की अस्त्र. हुकूम तुमचाच आहे."

यात शौर्य वगैरे काही नव्हतं, नुसती हाताची सवय. त्याने पेपरवेट काढून घेतला, मग पाकिटं फोडायची सुरी, मग कागदांना भोकं पाडायचं यंत्र. हात थांबेनात. तो पेनाकडे वळला, तेव्हा मात्र साहेबांनी ते छातीशी घट्ट धरलं आणि त्याच पेनाने दोन सह्या ठोकल्या : एक अक्काच्या गल्लीतली जलवाहिनी दुरुस्त करण्यासाठी, म्हणजे ही बाई एकदाची जाईल, दुसरी फौजदाराच्या बदलीसाठी.

फाटकावर तपासणीचं यंत्र बसलं. ते सगळ्यांवर सारखंच ओरडायचं, साहेबांवरही. त्यामुळे लवकरच त्याची वायर काढून ठेवावी लागली.

फौजदार आता गावाबाहेरच्या टाकीवर चावी फिरवतो. साहेबांच्या लेखी ती शिक्षा आहे. अक्का मात्र गल्लीभर सांगत फिरते, "आमचा धाकटा फार मोठ्या हुद्द्यावर गेलाय. गावाला पाणी तोच सोडतो."