कलेजीचा डबा

गल्लीच्या तोंडाशी मटणाचं दुकान होतं आणि ते चालवणाऱ्याला आम्ही सगळे मामा म्हणायचो. सुरा न थांबवता मामा गिऱ्हाइकाच्या तब्येतीची चौकशी करत. कुणाच्या हृदयाचं दुखणं कळलं की न सांगता कोंबडीची कातडी सोलून देत. चरबीचे तुकडे मागणाऱ्या एका जाड्या गृहस्थाला त्यांनी "आधी आरशात बघून या" म्हणून परत पाठवलं होतं. अशक्त माणसाला मात्र त्यांच्याकडे एकच औषध, कलेजी. त्यांची एकुलती एक लेक लहानपणी पांढरीफटक पडली होती, तेव्हा महिनाभर समोर बसवून त्यांनी तिला कलेजी भरवली आणि पोर टवटवीत झाली. झालं, विषय संपला.

लग्नानंतर लेक दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. तिला दिवस गेल्याचं कळलं आणि मामांचा डबा सुरू झाला. रोज सकाळी पहिली कलेजी लेकीची. घरी मामी ती परतून देत आणि मामा स्वतः डबा पोचवून येत.

चौथ्या महिन्यातल्या तपासणीला जावयाची बसवर ड्युटी होती, म्हणून मामाच लेकीबरोबर गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खाणंपिणं कसं आहे?"

लेकीनं तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "एक नंबर! रोज डबाभर कलेजी. अडीच महिने एक दिवस खाडा नाही."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "रोज? अहो, कलेजीत अ जीवनसत्त्व फार असतं. गरोदरपणात ते जास्त झालं तर बाळाला अपाय होऊ शकतो. आजपासून एकदम बंद. आपण सोनोग्राफी करून बघू."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. लेक मान खाली घालून पदराशी चाळा करत राहिली. बाहेर बाकावर बसल्यावर मामा आपल्या हातांकडे बघत होते. "मीच घातलं गं तुझ्या पोटात," एवढंच ते पुटपुटले. त्यांनी बाहीनं डोळे पुसले, तेव्हा लेकीला राहवेना.

"बाबा, मी एकही तुकडा खाल्ला नाही."

"म्हणजे?"

"सगळा डबा हेच फस्त करतात. मला कलेजी आवडतच नाही. लहानपणीसुद्धा नाक दाबून गिळायचे. तुम्ही एवढ्या कौतुकानं बघत बसायचात, सांगणार कसं?"

मामा ताडकन उठले आणि दार न वाजवता आत घुसले. "डॉक्टर, पोरगी खोटारडी आहे हो!" ते आनंदानं ओरडले.

डॉक्टरीणबाई हसल्या, पण क्षणभरच. "मग ती खाते काय?"

मागोमाग आत आलेल्या लेकीनं सांगितलं, चहा आणि पाव. दुपारी जमलं तर भात. हे ऐकून मामा मटकन खुर्चीत बसले. गावाच्या ताटाची काळजी करणाऱ्याची लेक अर्धपोटी होती! रक्तही कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि समजावलं, "कमी चरबीचं मटण, चिकन, मासे, अंडी, काहीही चालेल, पण नीट शिजवून. जोडीला डाळ, पालेभाजी, फळं. नुसत्या मांसानं भागत नाही."

परतताना मामांनी जन्मात पहिल्यांदा लेकीला विचारलं, "तुला आवडतं तरी काय?"

ती घुटमळली. "मासे."

खाटकाची पोर! मामा रस्त्यातच थांबले. त्यांच्या दुकानासमोरच मासेवाली बसायची आणि "काटे विकते नुसते" म्हणून मामा तिची रोज थट्टा करायचे. दुसऱ्या दिवशी ते पिशवी घेऊन तिच्यापुढे रांगेत उभे राहिले. ती पोट धरून हसली, पण मासा ताजा निवडून दिला.

सोनोग्राफी चांगली आली. दिवस भरल्यावर मुलगी झाली, गुटगुटीत. आता दुकानात कुणी पोटुशी बाई आली की मामा सुरा खाली ठेवतात आणि आधी विचारतात, "ताई, डॉक्टर काय म्हणाले? आणि तुला स्वतःला काय खावंसं वाटतंय?"