गुनवोरचं निळं भांडं आणि एगिलची दोन दारं

आमच्या जिन्याचा एक कायदा आहे, आणि तो कुठेही लिहिलेला नाही. बाहेर पडण्यापूर्वी दाराला कान लावायचा. जिन्यात पावलं वाजत असली तर ती विरेपर्यंत कोट-बुटांसकट आतच उभं राहायचं. यात वैरबीर काही नाही. समोरच्या बिचाऱ्यावर हवापाण्याच्या गप्पा मारायची पाळी येऊ नये, एवढीच त्यामागची सद्भावना. फालून गावातल्या आमच्या इमारतीत याच सद्भावनेपायी माणसं वर्षानुवर्षं एकमेकांना फक्त बुटांच्या आवाजावरून ओळखतात.

तिसऱ्या मजल्यावर तीन दारं आहेत. डावीकडे एगिल हामरलुंड, उजवीकडे गुनवोर लिडेन आणि मधे मी. एगिलचे बूट टाचेला घासतात. गुनवोर शेवटच्या पायरीवर क्षणभर थांबते. माझे बूट कसे वाजतात ते मला माहीत नाही. कुणी सांगितलेलं नाही, कारण सांगायला भेटायला लागतं.

एगिलचं सगळं आयुष्य रंगाच्या कारखान्यात गेलं. आमच्याकडची लाकडी घरं ज्या तांबड्या रंगाने रंगवतात, त्याची भुकटी भाजायच्या भट्टीवर तो होता. निवृत्त झाला, आणि त्यानंतरच्या शरदात त्याची बायको इंगालिल गेली. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात एक निळं भांडं आलं. सायीत भाजलेले बटाटे आणि मासळी. बेल वाजली होती, पण एगिल दारापर्यंत पोचेतो गुनवोर आपल्या घरात गेली होती. कायद्याला धरूनच.

एगिलने ते चार घास खाल्ले, भांडं घासलं, ओट्यावर ठेवलं. आणि तिथेच सगळं अडलं.

"नुसतं दाराशी ठेवून यायचं?" एकदा दुकानाच्या रांगेत त्याने हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो.

"मग ते परत केल्यासारखं होईल," एगिल म्हणाला. "आभार मानल्यासारखं नाही होणार."

आभार तोंडानेच मानायला हवेत, त्यासाठी ती जिन्यात भेटायला हवी, आणि दोघेही सभ्य असल्यामुळे ती भेटणं शक्य नव्हतं. बेल वाजवावी, असं मला सुचलं नाही. मलाही सभ्यच म्हणतात. भांड्याने ओट्यावर दोन हिवाळे काढले. मग मार्चमध्ये खालच्या फलकावर चिठ्ठी लागली की गुनवोरने घर विकलं, मेअखेर ती दूर उत्तरेला, उमेओला बहिणीकडे जाणार. त्या दिवशी एगिलचे बूट आमच्या मजल्यावर जरा जास्तच घासले.

आता अभ्यासवर्गाबद्दल. आमच्याकडे माणसांना एकमेकांशी बोलावंसं वाटलं, की ती एखादा विषय शोधतात, वाचनालयात खोली घेतात आणि थर्मासभर कॉफी आणतात. विषय कुठलाही चालतो. आमचा विषय होता संगणकावरचा तो ठोकळ्यांचा खेळ, ज्यात पोरंसोरं किल्ले बांधतात. त्यातही किल्ले सोडून आम्ही त्याच्या पोटातली तर्कयंत्रं शिकत होतो. वर्गाचा प्रमुख मी. शाळेत भूगोल शिकवायचो, त्यामुळे तर्काशी माझा संबंध लांबचाच. पण कॉफीच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. कुणी विचारलं की तुला मित्र आहेत का, तर मी म्हणतो, मला अभ्यासवर्ग आहे.

एगिलला मीच ओढून आणला. खेळातल्या तारा म्हणजे जमिनीवर रांगोळीसारखी ओढायची लाल भुकटी. ती पाहून तो पहिल्यांदा बोलला.

"रंग चुकलाय. भाजलेली भुकटी एवढी भडक नसते."

"एगिल, ती वीज आहे."

"असेल. पण कच्ची आहे."

त्या भुकटीतून इशारा पळतो, दारं उघडतात, दिवे लागतात. मग एक मशाल असते, तिचा स्वभाव उलटा. इशारा येईपर्यंत जळते, आला की विझते. मी फळ्यावर हे समजावलं तेव्हा एगिलने खुर्ची पुढे ओढली.

"म्हणजे कुणी नसलं की हिचं बरं चालतं," तो म्हणाला. "आपल्या जिन्यातलीच की ही."

पुढच्या आठवड्यापासून तो आमचा जिना बांधायला लागला. वर्गात आम्हा दोघांखेरीज तिसरी इल्वा, ती दातांच्या दवाखान्यात काम करते. तिची यंत्रं कोंबड्यांना आपोआप दाणे टाकायची. एगिलची यंत्रं कुणालाच काही टाकत नव्हती. तिसरा मजला, पायऱ्या, भिंतीचा पिवळट रंग, सगळं हुबेहूब. डावं दार त्याचं, उजवं गुनवोरचं. माझं दार त्याने भिंत म्हणून बांधलं होतं. "तुझ्यामुळे आकृती गुंतागुंतीची होते," असं कारण दिलं.

प्रत्येक दाराच्या आत एक फरशी. तिच्यावर पाय पडला की दार उघडतं. मात्र तोच इशारा समोरच्या दाराच्या मशालीकडेही जातो, मशाल विझते आणि ते दार बंद राहतं. एक बाहेर निघाला की दुसरा आत, नकोशी भेट कधी म्हणून होणार नाही. खेळातल्या त्या जिन्यात मी प्रमुख या नात्याने डावीकडे उभा राहिलो, इल्वा उजवीकडे. दोघांनी एकदमच फरशीवर पाय ठेवला.

काहीच झालं नाही. दोन्ही दारं बंद.

"तू सर मागे," इल्वा म्हणाली.

"नको, तू जा आधी."

"तू हटल्याशिवाय माझं दार उघडणार कसं?"

"मग मी हटतो."

"अरे, मीही आत्ताच हटले!"

आम्ही पुन्हा फरशीवर आलो. पुन्हा एकदमच. इल्वा हसून हसून मेली. एगिल हसला नाही. त्याने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "बरोबर आहे," तो म्हणाला. "असंच होतं."

तेव्हा मला दुरुस्ती सुचली. नुसत्या फरशीवर उभं राहण्याने समोरचा अडू नये. माझं दार खरंच उघडलं, तरच त्याचं बंद व्हावं. त्यासाठी मधे इशारा रेंगाळवणारी एक पट्टी बसवायची. मी मोठ्या आत्मविश्वासाने दोन्हीकडे सारख्याच रेंगाळणाऱ्या पट्ट्या बसवल्या. कुणावर अन्याय नको. शाळेतही मी उत्तरपत्रिका अशाच तपासायचो.

दोघं फरशीवर उभे राहिल्यावर दोन्ही दारं एकदम उघडली. दोन्ही दारांना समोरचं दार उघडलेलं दिसलं, आणि दोन्ही एकदम मिटली. मग समोर कुणी नाही असं पाहून पुन्हा उघडली. धाड, धाड, धाड, धाड. पूर्वीचं दोन दारांचं मौन माझ्या शिक्षणामुळे टाळ्यांवर आलं होतं.

"एका बाजूच्या पट्टीची वेळ जरा कमी कर," इल्वा म्हणाली. "साधी गोष्ट आहे."

"कुणाची?" एगिलने विचारलं.

"कुणाचीही!"

"मी कोण ठरवणार, कुणाचं दार आधी उघडावं ते?"

हा प्रश्न इतका सज्जन होता की आम्ही दोघांनी कॉफीबरोबरचे बन काढून खाल्ले. दारं वाजतच राहिली.

मेच्या मध्याला वाचनालयात सगळ्या अभ्यासवर्गांचं प्रदर्शन असतं. एका टेबलावर विणकाम, एका टेबलावर पक्ष्यांची अंडी ओळखणारे, आणि कोपऱ्यात आमच्या दोन दारांचा पडदा. मी आवाज बंद करून ठेवला होता. दुपारी गुनवोर आली. पुस्तकं परत करायला आली होती. गाव सोडताना असली कामं उरकावीच लागतात. आमच्याजवळून जाताना तिची नजर पडद्यावर गेली आणि ती थांबली. बरोबर तसंच, शेवटच्या पायरीवर थांबते तसं.

एगिल खुर्चीत होता. उठायला जागा नव्हती, मागे विणकामवाल्या होत्या.

"हा आपला जिना आहे ना?" गुनवोर म्हणाली.

"हो."

"उजवं दार माझं?"

"हो."

"असं का फडफडतंय?"

आता मी पुढे होऊन तर्कयंत्राचं तत्त्व समजावून सांगितलं. वेळेवर गप्प बसायची विद्या मला नाही. गुनवोरने सगळं ऐकून घेतलं आणि बोलली मात्र एगिलशीच.

"खऱ्या दाराचंही असंच होतं. मी आत उभी असते ना, तेव्हा ऐकू येतं की तू पण आत उभा आहेस. तुझे बूट जाग्यावरच घासतात."

"मला वाटायचं, तुला घाईबिई असेल."

"मला वाटायचं, तुला एकटं राहायचंय."

एगिलने पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "यात दुरुस्ती अशी आहे की एकाला जरा उद्धट व्हावं लागतं."

"मग हो की."

त्याने संगणकाचा माउस हातात घेतला, डाव्या दाराच्या पट्टीवर नेला आणि एक टिचकी मारली. नुसती एक खाच कमी. दारांची फडफड थांबली. डावं उघडलं आणि उघडंच राहिलं.

"तुझं भांडं माझ्याकडे आहे," एगिल म्हणाला.

"ठाऊक आहे रे. मी दुसरं घेतलं कधीच."

"मग ते तुला नकोय?"

"मी तसं म्हटलं का?"

त्याच संध्याकाळी, अजून चांगला उजेड होता, मी केराची पिशवी घेऊन दाराशी गेलो आणि सवयीने कान लावला. बाहेर टाचेला घासणारे बूट. मग बेल. एगिलने बेल वाजवली होती. आमच्या मजल्यावर टपालवाल्याखेरीज कुणी बेल वाजवून वाट पाहत थांबलेलं मला आठवत नाही.

"रिकामं कसं द्यायचं म्हणून बन घातलेत," त्याचा आवाज. "मी केलेले नाहीत, दुकानातले आहेत."

"ते दिसतंच आहे."

"गुनवोर, त्या वेळी मी चार दिवस काही खाल्लं नव्हतं. तुझं तेवढं खाल्लं. हे सांगायचं राहून गेलं होतं."

यावर गुनवोर काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, आणि हे मी दाराला कान लावून उभा असताना सांगतो आहे, तेव्हा ती खरंच हळू बोलली असणार. मग थेट भांड्याचं झाकण काढल्याचा आवाज आला. मग गुनवोर म्हणे, आत ये. मग तीच म्हणे, नको, सगळीकडे खोके भरलेत, बसायला जागा नाही. मग ते दोघं जिन्यात पायरीवरच बसले आणि बन खाऊ लागले.

मी थांबलो. कायद्याप्रमाणे त्यांच्या गप्पा संपेपर्यंत मला बाहेर पडता येत नव्हतं. ते इंगालिलविषयी बोलले, उमेओच्या थंडीविषयी बोलले, मग कोण जाणे कशावरून माझ्या बुटांविषयी बोलले आणि दोघंही हसले. पिशवीत मासळीची डोकी होती. शेवटी मी ती उचलून बाल्कनीत नेऊन ठेवली आणि बूट काढले, अगदी आवाज न करता.